आजोबांचा वस्तरा
जुन्या क्षौरसाधनांच्या जतनाविषयी थोडेसे

वाचकहो, आपल्या घरातील माळ्यावर अथवा जुन्या ट्रंकेच्या तळाशी एखादा वस्तरा पडून आहे काय? असल्यास हा लेख वाचून होताच तो बाहेर काढून पाहावा, अशी आमची विनंती आहे. ही विनंती आम्ही स्वानुभवावरून करीत आहोत.

कोकणातील आमचे जुने घर आवरताना आजोबांची दाढीची पेटी हाती आली. तीत दोन वस्तरे होते आणि तिसरे होते पाते बदलण्याचे पितळी यंत्र. पहिला वस्तरा वडिलांनी मोठ्या प्रेमाने जपला होता. त्याला चामड्याची नवी पिशवी शिवून घेतली होती, वरून मेणकापड गुंडाळले होते आणि दोऱ्याने घट्ट बांधले होते. दुसऱ्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. शिवणयंत्राच्या तेलाने माखलेल्या कागदात तो एका पत्र्याच्या डबीत तसाच पडून होता. आम्ही दोन्ही उघडले. उपेक्षित वस्तरा आरशासारखा लखलखीत निघाला आणि प्रेमाने जपलेल्याच्या धारेचा मात्र तांबडा चुरा हातात आला. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी तर याचीच जास्त काळजी घेतली होती!”

काळजी होती, पण ज्ञान नव्हते. ही उणीव भरून काढता यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पोलादाची कुळकथा

वस्तरा ही वस्तू आपल्याला परकी नाही. संस्कृतातील ‘क्षुर’ हा शब्द अतिप्राचीन आहे आणि न्हाव्याची धोकटी आपल्या गावगाड्याचा एक भागच होती. तथापि संग्राहकांच्या पेट्यांतून आज जे घडीचे वस्तरे आढळतात, त्यांपैकी पुष्कळसे इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील सोलिंगेन या दोन गावांचे असतात. शेफील्डला बेंजामिन हंट्समन याने अठराव्या शतकाच्या मध्यास मुशीत पोलाद वितळवून ते एकजिनसी करण्याची रीत सिद्ध केली आणि तेथील पात्यांची कीर्ती जगभर पसरली.

या कथेत हिंदुस्थानचाही एक धागा आहे. लोहाराचा मुलगा असलेला शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे आणि लंडनमधील शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट यांनी हिंदुस्थानी ‘वूट्झ’ पोलादाचा अभ्यास केला. १८२० व १८२२ साली त्यांनी पोलादाच्या मिश्रधातूंवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अधिक चांगली धार मिळविणे हा त्या खटाटोपाचा एक उद्देश होता. फॅरडेने तयार केलेले ७९ नमुने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका पेटीत राहिले. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनी ते तपासले व १९३१ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. पेटीत नीट राहिलेला पोलादाचा तुकडा शतकानंतरही बोलू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे?

पुढे पात्याला संरक्षक दांडी आली. अमेरिकेतील काम्पफे बंधूंनी १८८० मध्ये ‘सेफ्टी रेझर’चे पेटंट मिळविले. टाकून देण्याजोग्या पातळ पात्याची कल्पना मात्र किंग कॅम्प जिलेट याची. १९०३ साली त्याची अवघी ५१ यंत्रे व १६८ पाती खपली, १९०४ साली त्याला पेटंट मिळाले, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी लक्षावधी यंत्रे घेतली तेव्हा घरी स्वतः दाढी करण्याची सवय सर्वत्र रुजली. घडीचा वस्तरा हळूहळू ट्रंकेत गेला तो असा.

गंजाचे कारण

जुना वस्तरा गंजतो आणि स्वयंपाकघरातील सुरी गंजत नाही, असे का? न गंजणाऱ्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. हॅरी ब्रिअर्ली याने असे पोलाद शेफील्डमध्येच १९१३ साली तयार केले. त्यापूर्वीचे आणि त्यानंतरचेही बहुतेक वस्तरे साध्या, कर्बयुक्त पोलादाचे आहेत. त्याला उत्तम धार येते, परंतु पाणी व हवा एकत्र भेटली की ते गंजू लागते. त्यातून धार ही पात्याची सर्वांत पातळ जागा. इतरत्र जो नुसता डाग ठरतो, तो धारेवर खिंडार पाडतो.

मिठामुळे गंज अधिक वेगाने चढतो. समुद्रकाठची हवा खारट असतेच. आपल्या बोटांचा घामही खारट असतो, म्हणून केवळ कौतुकाने पात्यावर फिरविलेले बोट काही आठवड्यांनी तांबड्या ठशाच्या रूपाने प्रकट होते. आणि चामडे? ते हवेतील ओल शोषून धरते आणि ते कमावताना वापरलेली आम्लधर्मी द्रव्येही त्यात राहिलेली असतात. आमच्या वडिलांच्या पिशवीने नेमके हेच केले. वरच्या मेणकापडाने ती ओल बाहेरही जाऊ दिली नाही. चामडे धार परजण्यासाठी असते, साठवणीसाठी नव्हे, हे एवढे जरी वाचकांनी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ वस्तरे वाचतील.

मूठ कशाची, हे आधी पाहा

पात्याचा स्वभाव बहुधा एकच असतो, मुठीचे मात्र तसे नाही. शिंग, हाड, हस्तिदंत, कासवाची ढाल, लाकूड, सेल्युलॉइड, बेकेलाइट अशा अनेक वस्तूंच्या मुठी होत्या.

शिंग, हाड व हस्तिदंत हे प्राणिज पदार्थ. कोरड्या उष्णतेने ते तडकतात व वाकतात, आणि पाण्यात भिजविल्यास फुगतात. शिंगाला कसरही लागते. दिल्ली-जयपूरच्या उन्हाळ्यात पात्याला भय नसते, पण शिंगाच्या मुठीला असते. मुंबई, चेन्नई किंवा कोलकात्यात पावसाळ्याचे भय पात्याला अधिक. दोहोंचा मेळ घालावयाचा, तर हवेतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. आर्द्रता मोजण्याचे लहानसे यंत्र आता अल्प किमतीत मिळते.

सर्वांत फसवे म्हणजे सेल्युलॉइड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हस्तिदंत व कासवाची ढाल यांची नक्कल करण्यासाठी ते सर्रास वापरले गेले. हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या मुठीवरील रेषा अगदी एकसारख्या, समांतर असतील, किंवा मूठ अंगठ्याने जोराने चोळल्यावर कापराचा वास येत असेल, तर ती सेल्युलॉइडची समजावी. सुई तापवून टोचण्याची परीक्षा मुळीच करू नये. हा पदार्थ क्षणात पेट घेतो. जुना झाल्यावर तो आतून कुजू लागतो व त्यातून आम्लधर्मी वायू बाहेर पडतात. मुठीत मिटलेला पात्याचा भागच तेवढा गंजला असेल, खिळे हिरवे पडले असतील, झणझणीत वास येत असेल, तर तो वस्तरा तत्काळ इतरांपासून दूर करावा. नाहीतर एकाचा रोग साऱ्या पेटीला लागतो.

स्वच्छता करताना

उत्साह येथे आवरावयास हवा. काचकागद, वाळू, राख, चिंच यांतील काहीही पात्याला लावू नये. पात्यावर कोरलेली अक्षरे व त्यांवरील सोनेरी मुलामा फार पातळ असतो. एका घासण्यात तो कायमचा जातो, आणि त्याच्याबरोबर वस्तूचा इतिहासही जातो. काळसर, घट्ट बसलेला डाग निरुपद्रवी असतो. तो तसाच राहू द्यावा. तांबडा, भुसभुशीत गंज मात्र वाढत जातो. त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब टाकून दिवसभर थांबावे व मग मऊ सुती कापडाने हलकेच पुसावे. लागल्यास पुन्हा तसेच करावे. पुसताना हात नेहमी पात्याच्या जाड पाठीकडून धारेकडे न्यावा, धारेच्या उलट कधीही नेऊ नये. मुले जवळ नसताना, चांगल्या उजेडात, टेबलावर जाड कापड पसरूनच हे काम करावे.

घडीचा वस्तरा पाण्यात बुडवू नये. खिळ्यापाशी शिरलेले पाणी दिसत नाही व वाळतही नाही. पितळी यंत्रांवर निकेल, चांदी वा सोन्याचा मुलामा असतो. ती कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ ब्रश यांनी धुऊन लगेच पूर्ण कोरडी करावीत. उकळते पाणी व अमोनिया यांपासून ती दूर ठेवावीत.

कोणी अशा साधनाने दाढी करू इच्छीत असेल, तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुसऱ्याच्या रक्ताचा अंश राहिलेल्या पात्यातून कावीळ ब व क यांसारखे रोग पसरू शकतात. म्हणून धातूचा भाग ७० टक्के अल्कोहोलने निर्जंतुक करावा, एक साधन एकानेच वापरावे, आणि सेल्युलॉइडच्या मुठीला अल्कोहोल लागू देऊ नये. तिचा पृष्ठभाग त्याने विरघळतो.

साठवणीची रीत

पाते कोरडे करून त्यावर तेलाचा अत्यंत पातळ हात फिरवावा. तेल खनिजच हवे. खोबरेल व जवस ही तेले कालांतराने चिकट होतात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या दशकात तयार झालेले सूक्ष्मस्फटिकी मेणही पात्यांसाठी उत्तम. ते तेलाप्रमाणे धूळ धरीत नाही.

नंतर प्रत्येक वस्तरा आम्लरहित कागदात अथवा धुतलेल्या, कोऱ्या नसलेल्या सुती कापडात वेगळा गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा व आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. रंग बदलणारी जेल घेतल्यास ती ओली झाल्याचे लगेच कळते. तापवून कोरडी केली की पुन्हा उपयोगी पडते. ओक वा ताज्या लाकडाच्या पेट्या टाळाव्यात, कारण त्यांतून आम्लाची वाफ निघते. डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांच्या वाफेने काही जुन्या प्लॅस्टिकच्या मुठी मऊ पडतात.

सेल्युलॉइडचा नियम मात्र याच्या नेमका उलट आहे. त्याला बंद डबा सोसत नाही. ते चूल, दिवा व ऊन यांपासून दूर, थंड व खेळत्या हवेत, सर्वांपासून वेगळे ठेवावे. म्हणजे सगळ्यांना एकाच पेटीत सुखी ठेवता येत नाही, हे मान्य करूनच संग्राहकाने सुरुवात करावी.

पावसाळ्यापूर्वी एकदा, पावसाळ्यात दर महिन्यास व दिवाळीच्या आवराआवरीत एकदा डबा उघडून पाहावा. हा नेम पाळणे कोणत्याही महागड्या तेलापेक्षा अधिक मोलाचे आहे.

हस्तिदंत व कासवाची ढाल यांविषयी एक सावधगिरी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीने परदेशी हत्तींच्या दंताचा व्यापारही निषिद्ध झाला. घरी अशी वस्तू असल्यास ती विकण्याचा वा विकत घेण्याचा विचार करू नये. शंका असल्यास वनखात्याकडे चौकशी करावी.

चिठ्ठी विसरू नका

शेफील्डमध्ये केन हॉली नावाचे एक हत्यारांचे दुकानदार होते. बंद पडत चाललेल्या कारखान्यांतील हत्यारे, सुऱ्या, साचे आणि ते घडविणाऱ्या माणसांकडची माहिती त्यांनी आयुष्यभर गोळा केली. त्यांचा संग्रह आज तेथील केल्हॅम आयलंड संग्रहालयात पाहावयास मिळतो. माहितीवाचून नुसती वस्तू मुकी असते, हे अशा संग्रहाकडे पाहून कळते.

तेव्हा प्रत्येक वस्तऱ्यासोबत एक चिठ्ठी ठेवावी: कोणाचा, कोठून आला, कोणी वापरला, पात्यावर कोणती अक्षरे आहेत, शेवटचे तेल केव्हा लावले. घरातील वृद्धांना आजच विचारावे. पोलाद कदाचित थांबेल. आठवणी थांबत नाहीत.

आमच्या घरी आता दोन्ही वस्तरे एकाच फळीवर, पण निरनिराळ्या डब्यांत आहेत. गंजलेला आम्ही टाकला नाही. त्याच्या चिठ्ठीवर वडिलांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, “चामड्यात ठेवल्याने गेला. दुसऱ्याला जपा.”