दोन नळ्यांमधलं रबर

पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात ‘मारुती ८०० चा आर्म बुश’ मागितला की काउंटरवरून उलटा प्रश्न येतो, ‘कुठला देऊ? ओरिजिनल, ओईएम की लोकल?’ गिऱ्हाईक बहुधा मधला सांगतं. मधला म्हणजे नेमकं काय, हे त्याला ठाऊक नसतं आणि समजावून सांगायला काउंटरवर कुणाला सवड नसते. पुडी खिशात मावते, पैसेही फार लागत नाहीत, त्यामुळे या खरेदीवर कुणी डोकं खपवत नाही. वीस-पंचवीस वर्षांची गाडी कशी चालणार, हे मात्र बरंचसं याच पुडीवर ठरतं.

वस्तू दिसायला साधी. एक लोखंडी नळी, तिच्याबाहेर दुसरी मोठी नळी आणि दोहोंच्या मध्ये व्हल्कनाइझ करून घट्ट चिकटवलेलं रबर. आतल्या नळीतून बोल्ट जातो. तो आवळला की ही नळी गाडीच्या सांगाड्याला जखडली जाते. बाहेरची नळी आर्मच्या, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या, भोकात दाबून बसवलेली असते. चाक वर-खाली झालं तरी यातलं काही घासत नाही की गरगरत नाही. मधलं रबर तेवढं पिळलं जातं आणि पुन्हा सुटतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही आणि ते कुरकुरतही नाही. खड्ड्याचा दणका स्टिअरिंगपर्यंत पोचायच्या आत बराचसा तिथंच जिरतो.

८०० चा इतिहास मराठी घरांना सांगायला नको. डिसेंबर १९८३ मध्ये इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मालकाला किल्ली मिळाली, किंमत होती ४७,५०० रुपये. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, बारा इंची चाकं. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं, तोवर पंचवीस लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. त्यांतल्या कित्येक आजही तालुक्याच्या गावांत डॉक्टरांच्या दारात आणि पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या दिसतात. यांच्या इंजिनावर भरभरून बोलणारे खूप भेटतात. खालच्या रबराबद्दल कुणी बोलत नाही.

बोलायला हवं, कारण या गाडीनं रबराकडून फार कामं करून घेतली आहेत. पुढच्या बाजूचा खालचा आर्म सरळ आणि सडपातळ आहे. चाकाला पुढे-मागे सरकू न देण्याची जबाबदारी स्टॅबिलायझर बारवरच टाकलेली आहे. वळणावर गाडी कलू न देणं आणि ब्रेक मारल्यावर चाक जागच्या जागी धरणं, अशी दुहेरी नोकरी हा एक वाकवलेला दांडा करतो आणि त्याची टोकं रबरी बुशांत अडकवलेली असतात. हे बुश खलास झाले की ब्रेक लावताना एका बाजूचं चाक किंचित मागे सरकतं आणि गाडी त्या अंगाला ओढते. मालक ब्रेक शू बदलतो, अलाइनमेंट करतो, टायर अदलाबदल करतो. आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

सिंहगड रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका मिस्त्रींची तपासणी अशा वेळी पाहण्यासारखी असते. ते गाडी चालवून बघत नाहीत. पिटमध्ये उतरतात, हातभर लांब टॉमी आर्म आणि सांगाड्याच्या मध्ये घालतात आणि हलकेच रेटतात. दांडगाईनं रेटलं तर नवा बुशही हलतो, असं त्यांचं म्हणणं. नजर टॉमीवर नसते, रबराच्या कडेवर असते. तिथं चीर उघडली आणि तिच्या आत धूळ दिसली की बुश गेला. चीर वरवरची असेल तर ते मालकाला सांगतात, ‘काका, अजून चालेल. दिवाळीनंतर या.’ असं सांगून धंदा होत नाही, पण गल्लीच्या तोंडापर्यंत गाड्यांची रांग असते.

जुना बुश काढायला बऱ्याच ठिकाणी गॅसची ज्योत लावून रबर जाळतात. काळा, घशात बसणारा धूर होतो आणि आर्मचं भोकही तापून निघतं. इथं छोटा हायड्रॉलिक प्रेस आहे. नवा बुश आत जाताना भोकाच्या कडेला मिस्त्री साबणाचं पाणी लावतात. शेजारी ग्रीसचा डबा उघडा असतो, तरी त्याला हात लावत नाहीत. नैसर्गिक रबर खनिज तेलानं फुगतं आणि मऊ पडतं, हे रसायनशास्त्र त्यांना एका जुन्या, गळक्या इंजिनाखालच्या बुशांनी शिकवलं.

खरी करामत मात्र शेवटी आहे. बोल्ट घालतात, नट हातानं बसवतात आणि तिथंच थांबतात. गाडी जॅकवरून खाली येते, चारही चाकं जमिनीवर टेकतात, मिस्त्री बोनेटवर दोन्ही तळवे ठेवून तिला दोन-चारदा दाबतात आणि मग पुन्हा पिटमध्ये उतरून नट आवळतात. कारण सोपं आहे. चाकं लोंबकळत असताना नट आवळला तर रबर त्या लोंबकळत्या स्थितीत जखडलं जातं. गाडी खाली घेतली की ते पिळलेल्या पंचासारखं कायमचं ताणात राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळलं जातं. उत्तम प्रतीचा बुशही असा बसवला तर थोड्याच महिन्यांत नळीपासून सुटतो आणि मालक कंपनीच्या नावानं बोटं मोडतो. घाईच्या गॅरेजांत हीच एक पायरी गाळली जाते, कारण तिच्यासाठी गाडी दुसऱ्यांदा पिटवर घ्यावी लागते.

अलीकडे तरुण गिऱ्हाईक लाल-पिवळे पॉलियुरेथेनचे बुश घेऊन येतं. दिसायला देखणे, तेल-ओझोनला दाद न देणारे आणि रबरापेक्षा बरेच कडक. शर्यतीच्या गाडीला ते शोभतात. पण पॉलियुरेथेन रबरासारखं पिळलं जात नाही, ते आतल्या नळीभोवती फिरतं. म्हणून त्याला खास ग्रीस लागतं आणि ते सुकलं की प्रत्येक गतिरोधकावर कुईकुई सुरू होते. ८०० च्या मागच्या बाजूला तर अडचण याहून मोठी. तिथं दोन्ही चाकं एकाच ताठ अक्षावर आहेत आणि तो अक्ष ट्रेलिंग आर्मना बुशांनी जोडलेला आहे. वळणावर एक चाक वर, दुसरं खाली गेलं की दोन्ही आर्म वेगवेगळ्या कोनांत जातात. तो तिरकेपणा सोसायचा कुणी? मऊ रबरानं. तिथं कडक बुश घातले की सांधा अडतो आणि ताण धातूच्या ब्रॅकेटवर जातो. पंचवीस पावसाळे काढलेल्या पत्र्यावर हा प्रयोग करू नये.

म्हणजे उत्तर रबर. इथंच खरा पेच सुरू होतो.

उत्पादन थांबवताना कंपनीनं पुढची आठ-दहा वर्षं सुटे भाग देत राहण्याचं सांगितलं होतं. ती मुदत सरली. त्यामुळे आता हॉलोग्रामचं सीलबंद पाकीट सापडलं की मालक हरखून जातो. पण रबर पाकिटातही म्हातारं होतं. हवेतला ओझोन नैसर्गिक रबराच्या साखळ्या तोडत राहतो, उष्णता त्याला कडक करते. रबराच्या साठवणुकीचं आंतरराष्ट्रीय मानक नैसर्गिक रबराला सुरुवातीची पाचच वर्षं देतं, तीही थंड, अंधाऱ्या जागेत. पत्र्याच्या पोटमाळ्यावर पंधरा उन्हाळे काढलेला ‘ओरिजिनल’ बुश हा नवा म्हणून विकलेला जुना बुश असतो. लोकल मालाची तऱ्हा वेगळी. तो ताजा असतो, पण रबर कधी फार कडक, कधी भुसभुशीत, आणि दोन पाकिटांत सारखं निघेलच असं नाही. काही गॅरेजं लेथवाल्याकडून नायलॉनचा बुश वळवून घेतात. तो टिकतो, आणि गाडी बैलगाडीसारखी वाजते. बुशासकट अख्खा आर्म विकत घेणं सोयीचं, पण त्यातलंही रबर त्याच तीन वर्गांतलं.

मिस्त्री पाकिटावरचं नाव शेवटी बघतात. आधी छापलेला महिना-साल, मग अंगठ्याच्या नखानं रबर दाबणं. खूण लगेच भरून आली तर ठीक. नंतर बुश दोन्ही हातांत धरून वाकवायचा. कडेला केसासारख्या भेगा दिसल्या तर परत. या कसोट्यांत नामांकित पाकीटही नापास होतं आणि एखाद्या अनोळखी कारखान्याचा ताजा माल पास होतो.

तेव्हा जुन्या ८०० च्या मालकानं मधल्या वर्गातला, म्हणजे मूळ पुरवठादाराच्या तोडीचा, अलीकडच्या सालाचा रबरी बुश घ्यावा, दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत आणि त्यानंतरच अलाइनमेंटचे पैसे खर्च करावेत. बिल देण्याआधी एकच विचारा, नट गाडी खाली घेऊन आवळले का?