अधिकार कोणाचा ?

मानवी हक्क हा विषय आतां महाविद्यालयांतून शिकविला जातो. त्यावर व्याख्यानें होतात, निबंधस्पर्धा होतात, आणि दरसाल १० डिसेंबरला मानवी हक्क दिन पाळला जातो. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु हें शिक्षण विद्यार्थ्याच्या अंगीं कितपत मुरतें, आणि त्याच्या घराच्या उंबऱ्याच्या आंत येतें कीं नाहीं, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांनीं करावा असें आम्हांस वाटतें.

आमच्या शास्त्रांत 'अधिकार' या शब्दाचा रोख पात्रतेकडे आहे. यज्ञकर्मास योग्य कोण, हा प्रश्न पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायांत चर्चिला असून त्या चर्चेंत शूद्रास वगळण्यांत आलें आहे. म्हणजे अधिकार आधीं सिद्ध करावा लागे. १९४८ सालीं पॅरिस येथें संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें जो जाहीरनामा मंजूर केला, त्यानें हा क्रमच उलटा केला. माणूस म्हणून जन्मास येणें एवढीच पात्रता त्यास पुरते. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यांत 'सर्व पुरुष' असा अर्थ निघण्याजोगे शब्द होते. तेथें 'सर्व मानव' असे शब्द आले ते भारताच्या प्रतिनिधि श्रीमती हंसा मेहता यांच्या आग्रहामुळें. याच बाई १९४९ सालीं बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरु झाल्या.

मात्र हा पाठ शिकण्यास सातारकरांना पॅरिसपर्यंत जावयास नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं लहानगा भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेंत दाखल झाला. त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर निराळें बसावें लागे, आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. १९०१ सालीं मसूर स्टेशनावर उतरून वडिलांच्या गांवीं जातांना त्या भावंडांनीं एक रात्र पाण्यावांचून काढली. जवळ अन्न होतें, पण पाण्याअभावीं तें घशाखालीं उतरलें नाहीं. बाबासाहेबांनीं पुढें हे अनुभव लिहून ठेवले. न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठांत ते शिकले, तेथें तें लिखाण विद्यार्थ्यांना वाचावयास दिलें गेलें आहे. आपल्या जिल्ह्यांतली ही हकीकत आपल्या मुलांनीं मात्र वाचलेली नसावी, याचा खेद वाटतो.

याच साताऱ्यांत कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं जें वसतिगृह चालविलें, त्यांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवत. मुलांच्या अन्नासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने मोडले. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्या वसतिगृहास छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें. समता म्हणजे काय, हें त्या मुलांना रोज दोन वेळां ताटावर कळत होतें.

सांगलीकरांकडेही असाच एक दाखला आहे. १९३९ सालीं औंध संस्थानानें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची कैद्यांची वसाहत स्थापली. तेथें भिंती नव्हत्या; कैदी कुटुंबासह राहून शेती करीत. शांतारामबापूंचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट याच प्रयोगावरून स्फुरला. गुन्ह्यामुळें ज्याची पात्रता गेली असें जग समजतें, त्याचेंही माणूसपण तेथें शिल्लक धरलें गेलें.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे १९६२ सालीं स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रांत येतात. विद्यार्थ्यांनीं मसूरला, स्वतंत्रपूरला जावें, गांवच्या वृद्धांना पाणवठ्याच्या जुन्या गोष्टी विचाराव्या, त्या टिपून घ्याव्या. आणि ज्यांनीं ते दिवस सोसले त्यांना विद्यापीठानें मानानें बोलावून त्यांचें ऐकावें. लोकांचा आणि विद्यापीठाचा संबंध जडावयाचा तो अशा जाण्यायेण्यानें.

एवढें करूनही मुलगा संध्याकाळीं घरीं येतो, तेव्हां मोलकरणीचा कप मोरीजवळ निराळा ठेवलेला त्यास दिसतो. हें कां, असें त्यानें विचारल्यास त्याला गप्प बसविण्यांत येतें. विद्यापीठाचें वर्षाचें शिक्षण त्या एका क्षणीं फुकट जातें. म्हणून आमची घरोघरच्या वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती आहे, कीं मुलानें तो प्रश्न विचारला तर रागावूं नये; आणि दुसरे दिवशीं त्या बाईला घरांतल्याच कपांतून चहा द्यावा.