डॉ. कमल रणदिवे यांचे संशोधन आणि कर्करोगाची प्रतिरक्षा-चिकित्सा

शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीस कर्करोगाविरुद्ध कार्यप्रवण करणे म्हणजे प्रतिरक्षा-चिकित्सा होय. ही चिकित्सा गेल्या काही दशकांत प्रत्यक्ष उपयोगात आली. तथापि तिच्या मुळाशी असलेली तंत्रे व कल्पना त्याआधी कितीतरी वर्षे प्रयोगशाळांतून आकार घेत होत्या. महाराष्ट्रात ही पूर्वतयारी ज्यांनी केली त्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे स्थान अग्रगण्य आहे. त्या स्वतःस प्रतिरक्षाशास्त्रज्ञ म्हणवीत नसत. म्हणूनच त्यांचे कार्य या शाखेच्या संदर्भात तपासून पाहणे विद्यार्थ्यांस उद्‌बोधक होईल.

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. हुजूरपागा व फर्ग्युसन महाविद्यालय येथे शिक्षण घेतल्यावर पुण्याच्या कृषिमहाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्‌सी. पदवी मिळविली. त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशिकीशास्त्र. वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रे न्याहाळणारी ही विद्यार्थिनी विवाहानंतर मुंबईस आली व टाटा स्मारक रुग्णालयात दाखल झाली. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये तिने मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. पुढे रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतक-संवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. मानवी पेशींचा पहिला अमर वंश, ‘हेला’, १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत सिद्ध झाला.

डॉ. खानोलकर हे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक. या केंद्रात डॉ. रणदिवे यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची व ऊतक-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवणे, त्यांची वाढ घडवून आणणे आणि त्यांस जंतुसंसर्गापासून वाचविणे या गोष्टी आज नित्याच्या वाटतात. त्या काळी भारतात हे कसब अगदी थोड्यांस अवगत होते. १९६६ ते १९७० या काळात संस्थेच्या प्रभारी संचालकपदाची धुरा त्यांनी वाहिली.

त्यांच्या संशोधनाचा पहिला मोठा विषय स्तनांचा कर्करोग हा होय. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी अमेरिकेत असे दाखविले होते की, कर्करोगप्रवण उंदरांची पिले निरोगी जातीच्या मादीकडे दुधासाठी सोपविली असता त्यांच्यातील स्तनार्बुदांचे प्रमाण पुष्कळ घटते. रोगाचे कारण केवळ रक्तात नसून दुधातूनही येते, असा याचा अर्थ. दुधातील हा घटक विषाणू ठरला. डॉ. रणदिवे यांनी उंदरांच्या शुद्ध वंशांवर प्रयोग करून, आनुवंशिकता, हॉर्मोने व अर्बुदजनक विषाणू यांच्या परस्परसंबंधातून रोगप्रवणता कशी ठरते याचा शोध घेतला. एकाच कारणावर बोट ठेवण्याऐवजी कारणांची गुंफण उलगडणे ही त्यांची पद्धती.

या विषाणूचा पुढील इतिहास प्रतिरक्षाशास्त्राच्या दृष्टीने विशेष मनोरंजक आहे. १९९१ मध्ये असे उघडकीस आले की, हा विषाणू ‘महाप्रतिजन’ या वर्गातील एक प्रथिन निर्माण करतो. त्यायोगे टी-पेशींचे मोठे समूह एकदम उत्तेजित होतात. दुधातून आतड्यात शिरलेला विषाणू या खवळलेल्या संरक्षक पेशींच्या आश्रयानेच वाढतो व स्तनग्रंथीपर्यंत पोहोचतो. प्रतिकारयंत्रणा रोगाची शत्रू असते तशी क्वचित त्याचे वाहनही होते, हे यावरून ध्यानात येते.

दुसरा विषय कुष्ठरोगाचा. येथे एक वाद उपस्थित होतो व तो टाळून चालणार नाही. डॉ. बापट, डॉ. रणदिवे व डॉ. खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतकातून अम्लस्थायी जंतू वेगळा करून तो प्रयोगशाळेत वाढविला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘आय.सी.आर.सी. जंतू’ हे नाव मिळाले. हाच कुष्ठरोगाचा जंतू काय? पुढील परीक्षणांत तो क्षयजंतूच्या गोत्रातील एव्हियम-इंट्रासेल्युलेअर या गटाचा असल्याचे आढळले. खरा कुष्ठजंतू कृत्रिम माध्यमात वाढविणे अद्याप कोणासही साधलेले नाही.

मग हे सारे श्रम व्यर्थ गेले काय? तसे झाले नाही. तीव्र प्रकारच्या कुष्ठरोगात रुग्णाच्या टी-पेशी कुष्ठजंतूची दखलच घेत नाहीत. या नव्या जंतूचे काही प्रतिजन कुष्ठजंतूच्या प्रतिजनांशी मिळतेजुळते होते. त्यामुळे त्याच्या साहाय्याने निद्रिस्त टी-पेशींस जाग आणणे शक्य दिसू लागले. डॉ. एम. जी. देव यांनी कर्करोग संशोधन संस्थेत गॅमा किरणांनी मारलेल्या जंतूंपासून लस सिद्ध केली. दक्षिण भारतात १९९१ मध्ये सुरू झालेल्या व सुमारे १,७१,००० व्यक्तींचा समावेश असलेल्या तौलनिक चाचणीत या लसीने ६५.५ टक्के संरक्षण दिले. केवळ बी.सी.जी. लसीचा आकडा ३४.१ टक्के होता. ओळख चुकली असली तरी उपयोग खरा ठरला. विज्ञानात या दोन गोष्टींचे हिशेब निरनिराळे ठेवावे लागतात. एकीच्या यशाने दुसरीचा दोष झाकू नये व एकीच्या दोषाने दुसरीचे यश नाकारू नये.

कुष्ठरोगाचा हा प्रपंच कर्करोगाच्या लेखात कशासाठी, अशी शंका येईल. दोहोंतील मूळ अडचण एकच आहे. टी-पेशी समोरच्या शत्रूस ओळखीत नाहीत, अथवा ओळखूनही स्वस्थ राहतात. मृत वा दुबळ्या जंतूंनी त्यांस चेतविण्याची कल्पना कर्करोगातही फलद्रूप झाली. १९७६ मध्ये कॅनडातील अल्व्हारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगात बी.सी.जी. लस थेट मूत्राशयात सोडून उत्तम परिणाम मिळविले. तो उपचार आजही प्रचलित आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे टी-पेशी शरीराबाहेर काढून त्यांची जनुकीय पुनर्रचना करणे. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या करतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या द्वारे त्यांत नव्या ग्राहीचे जनुक घालतात. हा ग्राही बी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-१९ हे प्रथिन ओळखतो. मग या पेशींचे संवर्धन करून त्या रुग्णास परत देतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. राहुल पुरवार व टाटा स्मारक केंद्रातील चिकित्सक यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला असा उपचार पहिल्या रुग्णास जून २०२१ मध्ये देण्यात आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास शासकीय मान्यता मिळाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत मूल्यमापन झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांनी उपचारास प्रतिसाद दिला. ऊतक-संवर्धन, विषाणूंचा अभ्यास व टी-पेशींचे ज्ञान या तिन्ही धारा येथे एकत्र आलेल्या दिसतात. डॉ. रणदिवे यांनी हा उपचार शोधला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल; परंतु तो ज्या विद्यांवर उभा आहे त्या मुंबईत रुजविणाऱ्यांत त्या होत्या, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

एक प्रश्न मात्र उरतो. हा उपचार पाश्चात्त्य देशांतील किमतीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात मिळू लागला, तरी तो लक्षावधी रुपयांचाच आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगावसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील शेतकरी कुटुंबास मुंबईचा प्रवास, तेथील मुक्काम व हा खर्च कसा झेपावा? डॉ. रणदिवे यांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर नाही, दिशा मात्र आहे. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांस पद्मभूषण हा किताब मिळाला. निवृत्तीनंतर विश्रांती न घेता अकोले तालुक्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणी त्यांनी हाती घेतली. प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाइतक्याच काटेकोरपणे खेड्यातील मुलांची वजने व उंची नोंदविणे हेही त्यांच्या लेखी संशोधनच होते. आपल्या विभागातील जे विद्यार्थी या शाखेत पाऊल टाकू इच्छितात, त्यांनी टी-पेशींच्या वर्तनाबरोबर उपचाराचा खर्च कमी करण्याचा विषयही अभ्यासासाठी निवडावा. तो विषय शास्त्राच्या कक्षेबाहेरचा नाही.