ब्रह्मगिरीची फेरी आणि मागे वळलेली पावले

श्रावणातील तिसरा सोमवार जवळ आला की त्र्यंबकेश्वरी पावसाच्या सरींबरोबर यात्रेकरूंचीही रीघ लागते. कुशावर्तावर स्नान करावे, त्र्यंबकराजास वंदन करावे आणि अनवाणी पावलांनी ब्रह्मगिरीच्या फेरीस निघावे, हा येथील परिपाठ.

वडिलांचे बोट धरून मी पहिली फेरी केली ती १९६९ साली, वयाच्या दहाव्या वर्षी. उजव्या हाताला उभे काळे कडे, त्यांवरून कोसळणारे धबधबे आणि पायांखाली निसरडा कातळ! पुढे तारुण्यात गंगाद्वार, कातळातील खोदीव पायऱ्या, माथ्यावरील भणाण पठार, सारे पायांखाली घातले. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर थिजून हा पर्वत घडला, असे भूगर्भशास्त्र सांगते.

याच फेरीत विठ्ठलपंतांचे कुटुंब वाघाच्या भयाने पांगले, बाळ निवृत्ती चुकला आणि गुहेत त्यास गहिनीनाथ भेटले, ही कथा कोणत्या भाविकास ठाऊक नाही? मीही कित्येक वर्षे उत्तररंगात हे आख्यान लावीत आलो. श्रोत्यांना घेऊन थेट गुहेत शिरत असे. बाहेर राहिलेल्या पित्याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते.

१९९४ सालच्या फेरीत पहिन्याच्या पुढे धुके उतरले आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचा हात सुटला. हाका मारल्या, त्या कड्यांवर आपटून परत आल्या. प्रदक्षिणा उलटी घालू नये, हे शास्त्र मी इतरांना सांगत आलो होतो. त्या दिवशी मात्र लोटणाऱ्या गर्दीतून मीच उलटा धावलो. दोन तासांनी गुरे राखणारी एक वृद्धा दिसली. तिच्या इरल्याखाली मुलगा अंग चोरून बसला होता. ती म्हणाली, “महाराज, पोर एका जागी बसून ऱ्हायलं, म्हनून गावलं.”

त्या रात्रीच्या कीर्तनात तेच आख्यान होते. विठ्ठलपंत अंधारात हाका मारीत आहेत, येथवर आलो आणि कंठ दाटला. झांजा वाजत राहिल्या. शब्द मात्र फुटेना. निवृत्तीस गुहेत गुरू लाभले होते. बाहेरच्या पित्यास त्याची वार्ताही नव्हती!

‘निवृत्त’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘मागे वळलेला’ असा आहे. शिवालयातही सोमसूत्र न ओलांडता मागे फिरण्याची रीत आहे. मग लेकरासाठी मागे वळलेली पावले शंकरास कशी बरे अमान्य होतील?

आता गुडघे साथ देत नाहीत. तोच मुलगा यंदा आपल्या आठ वर्षांच्या कन्येस घेऊन फेरीस निघणार आहे. नातीस मी एवढेच सांगितले आहे, “बाळ, धुके उतरले आणि हात सुटला, तर जागची हलू नकोस. तुझे बाबा मागे वळतील.”