सीलबाख मिश्रणाची कल्पित सनद

बनावट सनदा व महजर पारखण्याचा प्रसंग आमच्या वाचकांस वारंवार येतो. त्याच जातीचा एक अमेरिकन दाखला येथें नमूद करितों. विषय मद्याचा असला तरी प्रश्न मूळ कागदाचा आहे.

केंटकी संस्थानांतील लुइव्हिल शहरीं, बव्हेरियाहून आलेल्या लुई व ऑटो सीलबाख या बंधूंनीं १९०५ सालीं एक भव्य हॉटेल उघडलें. हें हॉटेल खरें व त्याची कीर्तिही खरी. १९९५ सालीं तेथील नोकरींत असलेल्या अ‍ॅडम सेगर यानें असें जाहीर केलें कीं, सुमारें १९१७ चें, म्हणजे दारूबंदीपूर्वींचें, या हॉटेलचें खास मिश्रण आपणांस सांपडलें आहे. कृति अशी: बूर्बन (मुख्यत्वें मक्यापासून काढलेली व्हिस्की) एक औंस, क्वांत्रो नांवाचें नारिंगी मद्य अर्धा औंस, अँगोस्टुरा व पेशो या कडू अर्कांचे प्रत्येकीं सात शिडकावे, त्यावर शांपेन पांच औंस व नारिंगाची साल. १९९७ सालीं गॅरी रीगन व मार्डी हेडिन रीगन या दांपत्याच्या पुस्तकांत ती छापली गेली व तेथून सर्वत्र पसरली.

२०१६ सालीं सेगर यानेंच न्यूयॉर्क टाइम्स पत्राजवळ कबूल केलें कीं, ही सर्व कथा आपण रचिली. हॉटेलास स्वतःचें असें एक पेय असावें, हा हेतु.

लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, केवळ अंतर्गत पुराव्यावरून ही लबाडी उघडकीस येणें कठीण होतें. कालविसंगत शब्दावरून बनावट बखर पकडतां येते. येथें तसें कांहींच नव्हतें. पांचही द्रव्यें १९१७ पूर्वींचीं. पेशोचा अर्क तर न्यू ऑर्लिन्सचा, एकोणिसाव्या शतकांतला. त्यांत १९२० ते १९३३ च्या दारूबंदीनें परंपरेंत खंड पाडलेला, म्हणजे विस्मृतीची सबबही आयतीच! पुढील उल्लेख पुष्कळ, परंतु सारे एकाच तोंडचे. एका प्रतीच्या दहा नकला झाल्यानें साक्षीदार दहा होत नाहींत. मूळ कागद कोणींही डोळ्यांनीं पाहिलेला नव्हता. टीकाकारांच्या भाषेंत सांगावयाचें तर ही कृति ‘अमूल’ होती.

जाणते लोक या पेयाची चव वाखाणतात. तो निराळा प्रश्न. सूचीकारानें मात्र कर्ता सेगर व काल १९९५ असें लिहावें, आणि १९९७ ते २०१६ मधील ज्या पुस्तकांत १९१७ हा सन दिला असेल, त्यांच्या समासांत तशी टीप जोडावी.