जूनमधला पांढरा धूर

मस्कतमध्ये संसार मांडताना भाड्याच्या घरानंतरचा मोठा निर्णय म्हणजे गाडी. इथला मुक्काम किती वर्षांचा हे आपल्या हाती नसतं, म्हणून अनेकांची पहिली गाडी कुणीतरी भारतात परतताना विकलेलीच असते. रंग, टायर, किलोमीटर, मुल्किया सगळं आपण बघतो. सायलेन्सरकडे मात्र फारसं कुणी बघत नाही.

मी मराठीची एम.ए., पूर्वी शाळेत शिकवायचे. जूनमध्ये एका मैत्रिणीबरोबर अशीच एक गाडी बघायला गेले होते. गाडी सुरू होताच मागून पांढरा धूर आला आणि थांबेचना. विकणारे गृहस्थ सज्जन. म्हणाले, "इंजिन थंड आहे वहिनी, सकाळी असं होतंच." त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं होतं. ते खरंही आहे, पण थंडीच्या दिवसांत.

पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, एका लिटरमागे साधारण एक लिटर! ते वाफ होऊन बाहेर पडतं. हवा गार असली की त्या वाफेचे बारीक थेंब होतात आणि आपल्याला धूर दिसतो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी किंवा हिवाळ्यात जबल अख्दरवर मुक्कामाला गेल्यावर तो दिसला तर घाबरू नये. सायलेन्सर तापला की काही मिनिटांत नाहीसा होतो. मस्कतच्या उन्हाळ्याचं गणित वेगळं. २०१८च्या जूनमध्ये कुरियातला रात्रीसुद्धा पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरला नव्हता. अशा हवेत दाट पांढरा धूर दिसला, तर थंडीचं कारण चालणार नाही.

मग संशय कूलंटवर. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असते. इंजिन फार तापलं की हेड वाकू शकतं, गॅस्केट खराब होते आणि कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं. रात्रभर साठलेलं हे कूलंट सकाळी गाडी सुरू करताच पांढरी वाफ होऊन बाहेर येतं.

घरच्या घरी काय बघावं? इंजिन रात्रभर बंद असलेलं हवं. एरवी बॉनेटला हात लावून अंदाज घेतात, पण इथे ते उन्हानेच तापलेलं असतं, म्हणून सूर्योदयाच्या सुमारास जावं. धुराला गोडसर वास येतो का? पाच-दहा मिनिटांनंतरही तो टिकतो का? ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा आहे का? टाकीतलं कूलंट दर आठवड्याला कमी होतं का? तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नये, उकळतं पाणी अंगावर उसळतं. गाडीखाली पाणी दिसलं तर लगेच धास्ती नको. स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं असतं. रंगीत आणि चिकट असेल तर कूलंट. निळसर धूर ऑइल जळतंय असं सांगतो, काळा धूर पेट्रोल जास्त जातंय असं.

शेवटचा निकाल गॅरेजमध्ये. रेडिएटरमध्ये इंजिनाचा जळका वायू येतोय का, हे बघायचं एक निळं रसायन असतं. वायू आला की ते पिवळं होतं. मैत्रिणीने पैसे देण्याआधी ही तपासणी मागितली, गृहस्थांनीही मोठ्या मनाने होकार दिला. रसायन पिवळं झालं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन याच गाडीने सलालाला निघणार होतो."

सलालाचा रस्ता जवळजवळ हजार किलोमीटरचा. आदम सोडल्यावर थुमरैतपर्यंत बहुतेक ओसाड वाळवंट, मध्ये हैमासारखी मोजकी गावं. खरीफची हिरवळ बघायला निघालेलं कुटुंब तिथे भर दुपारी, वाफा सोडणाऱ्या इंजिनाशेजारी उभं राहिलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून ही तपासणी घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यानेही करावी. दोष निघाला तर तो सांगून किंमत ठरवावी. परदेशात आपण एकमेकांच्या भरवशावर राहतो, आणि आपण विकलेल्या गाडीत उद्या आपल्याच मंडळातली मुलं बसणार असतात.