८० हजार सँडविच आणि एक मोर्चा

अडीच लाख माणसं सकाळी एका शहरात आणायची, दिवसभर उन्हात सांभाळायची, त्यांच्या खाण्यापिण्याची, संडासांची, औषधपाण्याची सोय करायची, कुठे दगड भिरकावला जाऊ द्यायचा नाही आणि संध्याकाळी सगळ्यांना परतीच्या वाटेला लावायचं. तेही दोनेक महिन्यांच्या तयारीवर, टेलिफोन आणि टाइपरायटरच्या भरवशावर! २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चात हे घडलं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं त्या दिवशीचं भाषण जगाला ठाऊक आहे. मी मात्र थक्क होतो तो ही जुळवाजुळव करणाऱ्या बायर्ड रस्टिन यांच्यापुढे.

लग्नघरातल्या एखाद्या खमक्या मामासारखं त्यांचं लक्ष सगळीकडे असायचं. डबा सोबत आणा, पण लवकर नासणारं काही नको, अशा सूचना छापून गावोगावी गेल्या. शिवाय न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवकांनी चीजची ८० हजार सँडविच तयार केली. बंदोबस्ताला न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय पोलीस रजा टाकून आले, कमरेला पिस्तूल न लावता. हुल्लडबाजाभोवती हाताला हात धरून कडं कसं करायचं, याची तालीम रस्टिननी त्यांच्याकडून करून घेतली होती.

सगळ्यात जास्त हट्ट त्यांनी धरला तो ध्वनिक्षेपकांसाठी. ऐकू आलं नाही की गर्दी चुळबुळते, मग बिथरते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून हजारो डॉलर मोजून उत्तम यंत्रणा भाड्याने आणली. आदल्या दिवशी कुणीतरी तिची मोडतोड केली! शेवटी लष्कराच्या तंत्रज्ञांनी ती दुरुस्त केली. ते गाजलेलं भाषण मागच्या रांगेपर्यंत पोहोचलं ते असं.

ही शिस्त आली कुठून? आजीकडून क्वेकर पंथाचे संस्कार मिळालेले. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून दोन वर्षांहून अधिक तुरुंगवास. १९४७ मध्ये बसमधला वर्णभेद मोडल्याबद्दल नॉर्थ कॅरोलायनात २२ दिवस सक्तमजुरी. गांधींच्या चळवळीचा अनुभव समजून घ्यायला ते भारतातही येऊन गेले. १९५६ मध्ये माँटगोमरीला पोहोचले, तेव्हा किंग यांच्या घरात बंदुका होत्या. अहिंसा हे नुसतं धोरण नसून जगण्याची रीत आहे, हे तरुण किंगना पटवण्यात रस्टिन यांचा मोठा वाटा.

तरीही ते पडद्यामागेच राहिले, कारण ते समलिंगी होते आणि लपवत नव्हते. त्यावरून १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात अटक झाली होती. (त्या प्रकरणातली माफी मिळाली २०२० मध्ये, मृत्यूनंतर ३३ वर्षांनी. सरकारी कामाला घाई नसते!) मोर्चाचं प्रमुखपद त्यांना देऊ नये, असं चळवळीतल्याच रॉय विल्किन्स यांचं म्हणणं पडलं. तेव्हा ज्येष्ठ कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी प्रमुखपद स्वतःकडे घेतलं आणि आपला उपप्रमुख म्हणून नेमलं रस्टिनना! मोर्चाला दोन आठवडे उरले असताना सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी भर सिनेटमध्ये जुनी अटक उकरून काढली. यावेळी मात्र नेते रस्टिन यांच्या पाठीशी उभे राहिले.

किंग यांच्या भाषणानंतर मोर्चाच्या मागण्या वाचून दाखवायला रस्टिन स्वतः पुढे आले. त्यात किमान वेतन ताशी २ डॉलर करा, हीही होती. पुढच्याच आठवड्यात ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर मोर्चाचे नेते म्हणून दोघे झळकले: रँडॉल्फ आणि रस्टिन.